भूगर्भशास्त्राकडेही वळा

आपल्या जिल्ह्यात वणीकडे जमिनीखाली दगडी कोळसा, तर पांढरकवडा-झरी भागात काही विहिरी-हातपंपांच्या पाण्यात जादा फ्लोराईड. ते खडकांतूनच उतरते. दात पिवळे पडतात, सांधे आखडतात. कोठे खोदावे, कोठे खोदू नये, हे उपयोजित भूगर्भशास्त्र सांगते. नागपूर विद्यापीठात या शास्त्राची एम.एस्सी. करता येते, मुंबईच्या आय.आय.टी.तही, तेथे ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा आहे. मात्र बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र विषय हवा. म्हणजे निर्णय बारावीनंतरच घ्यावा लागतो. आम्हा कला शाखेवाल्यांना हे दार बंदच! पुढे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण व केंद्रीय भूजल मंडळात अधिकारी होता येते. त्यांत अनुसूचित जातींसाठी राखीव जागाही असतात.