चिमूटभर काळी वाळू

हवाई द्वीपसमूहातील सर्वांत मोठ्या बेटाच्या आग्नेय तीरावर, शहरांपासून दूर, पुनालुऊ नावाचा समुद्रकिनारा आहे. नारळीच्या झाडांमागून तो प्रथम दृष्टीस पडतो तेव्हा कोणी कोळशाची भुकटी पसरली आहे की काय, असा भास होतो. वस्तुतः ही ज्वालामुखीची वाळू. तप्त लाव्हा थंड समुद्राला भिडताच तडकतो, त्याचे बारीक कण होतात आणि लाटा ते किनाऱ्यावर आणून टाकतात.

उन्हाने तापलेल्या या वाळूवर हिरवी समुद्री कासवे अंग शेकत पहुडतात. स्थानिक लोक त्यांना 'होनू' म्हणतात. कायद्याने त्यांना संरक्षण आहे. त्यांना स्पर्श न करता दुरूनच पाहावे लागते. आम्ही गेलो तेव्हा लहान मुलेही हलक्या आवाजात बोलत होती. जीवदयेचे ते दृश्य पाहून मन प्रसन्न झाले.

निघताना सौभाग्यवतींनी नातीसाठी चिमूटभर वाळू रुमालात बांधली. "अहो, एवढ्याने का किनारा ओस पडणार आहे?" त्या म्हणाल्या. मलाही ते पटले. परंतु परतीच्या वाटेवर फलक दिसला : वाळू नेण्यास मनाई आहे.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मनात लगेच हिशेब मांडला गेला. या किनाऱ्यावर आता नवा लाव्हा येत नाही. म्हणजे जमेची बाजू बंद. लाटा मात्र वाळू ओढून नेतच असतात. अशा खात्यातून प्रत्येक पाहुण्याने चिमूट उचलली, तर ती व्याजातून नव्हे, मुद्दलातून जाते.

जवळच्याच ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानाकडे अनेक प्रवासी नेलेले दगड व वाळू क्षमापत्रांसह टपालाने परत पाठवतात. पेले ही ज्वालामुखीची देवी कोपते, अशी त्यांची समजूत. आपल्याला कोपाच्या भीतीची गरज नाही. न दिलेली वस्तू घेणे हे अदत्तादान, एवढे श्रावकाला पुरेसे आहे. दुकानात पै-पैचा चोख हिशेब ठेवणारे आपण प्रवासात मात्र 'आठवण' म्हणून सहज हात पुढे करतो.

आम्ही मागे फिरलो. सौभाग्यवतींनी रुमाल सोडून झटकला. चार काळे कण विणीत अडकले होते; तेही त्यांनी बोटाने एकेक करून काढले.