फेरपरीक्षा घ्यावी, पण केव्हां?

आमचा नातू नोकरी सांभाळून मुक्तस्रोत प्रणालींस हातभार लावीत असतो. म्हणजे ज्या प्रणालीची मूळ संहिता सर्वांस खुली आहे, तींत सुधारणा सुचवितो. परवां त्याच्या एका दुरुस्तीपुढें तांबडी फुली उमटली. त्यानें कळ दाबून तीच चाचणी पुन्हां चालविली, हिरवी खूण आली, आणि स्वारी जेवावयास उठली.

“पहिल्यानें कां नापास झालें, तें वाचलेंस काय?” आम्हीं विचारलें.

“आजोबा, असं होतंच!”

जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसास हें उत्तर कसें रुचावें? जेवणानंतर आम्हीं सर्व प्रकार समजावून घेतला.

अशा कामांत कोणीही दुरुस्ती सुचविली कीं दूरचें एक यंत्र ती प्रणालींत मिसळून साऱ्या चाचण्या आपोआप घेतें. यास ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ म्हणतात. चाचणी नापास होते ती दुरुस्तींतील दोषामुळें, किंवा बाहेरच्या कारणानें: इंटरनेट तुटतें, यंत्राची मेमरी अपुरी पडते. कांहीं चाचण्या तर मुळांतच लहरी. संहितेंत काना-मात्रेचा फरक नसतां एकदां उत्तीर्ण, एकदां अनुत्तीर्ण. गूगलनें २०१६ सालीं आपल्या सुमारें १६ टक्के चाचण्यांत असा लहरीपणा असल्याचें सांगितलें होतें.

तेव्हां फेरचाचणी हें पाप नव्हे. गिटहबनें २०२२ सालीं केवळ नापास झालेलीं कामेंच पुन्हां चालविण्याची सोय केली. कुबरनेटिस प्रकल्पांत ‘रीटेस्ट’ एवढी आज्ञा लिहिली कीं पुरतें. परंतु संहिता तीच असतां निकाल बदलला, तर तो कां बदलला, हा प्रश्न उरतोच. दोषच लहरी असेल, तर तोही कधींमधीं उत्तीर्ण होतो. आणि मग हिरव्या खुणेआड लपून हजारों लोकांच्या यंत्रांत शिरतो.

म्हणून आधीं चाचणीची नोंद वाचावी. नापास झालेल्या भागाशीं आपल्या दुरुस्तीचा संबंध आहे काय, तें पाहावें. कारण बाहेरचें दिसल्यास तें लिहून मगच फेरचाचणी घ्यावी. पुन्हां तेथेंच अडलें, तर कळ दाबणें थांबवावें.

दुसरे दिवशीं नातवानें नोंद वाचली. प्रणाली ‘गो’ भाषेंतील. तींत ‘मॅप’मधील नोंदींचा क्रम दर वेळीं बदलूं शकतो, आणि यानें तो कायम धरला होता! दोष त्याचाच होता. त्यानें हिरवी खूण मिळालेली दुरुस्ती आपण होऊन मागें घेतली, सुधारली व पुन्हां पाठविली.

त्या दिवशीं आमच्या लेखीं तो उत्तीर्ण झाला.