स्पेसर विकण्याआधी माप घ्या
लो केलेल्या गाडीचा टायर का घासतो? गॅरेजवाल्यांसाठी काही उपयुक्त माहिती

मोटारीचे सुटे भाग आणि गॅरेज या धंद्यात आपल्या समाजातील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की पुण्याची नाना पेठ, उस्तादाच्या हाताखाली पाना धरून शिकलेली मुले पुढे स्वतःचे शटर उघडतात. गाडी सजविण्याचा शौक वाढला तसे या मुलांकडे एक नवे काम येऊ लागले आहे. ते म्हणजे स्पेसर बसविणे.

ग्राहक बहुधा तरुण असतो. स्प्रिंग बदलून किंवा कापून त्याने गाडी आधीच लो करून घेतलेली असते. तो म्हणतो, "उस्ताद, चाके आत गेल्यासारखी दिसतात, जरा बाहेर काढून द्या." दुकानातून स्पेसरची जोडी येते, अर्ध्या तासात चाके बाहेर दिसू लागतात आणि पैसे हातात पडतात. आठ दिवसांनी तोच ग्राहक परत येतो. मागे तीन माणसे बसली की खड्ड्यात खर्र आवाज होतो, टायरच्या खांद्यावर कापल्याची रेघ आलेली असते. मग स्पेसर काढा, दुसरा लावा, मडगार्ड ठोका असा दिवस जातो. मजुरी मागता येत नाही आणि नाव जाते ते वेगळेच.

यात दोष स्पेसरचा नसतो. दोष असतो माप न घेता केलेल्या कामाचा.

स्पेसर नेमके काय करतो?

स्पेसर म्हणजे हब आणि डिस्क यांच्यामध्ये बसणारी धातूची चकती. 10 मिमीचा स्पेसर चाक 10 मिमी बाहेर ढकलतो. दोन्ही बाजूंना लावला तर दोन चाकांतील रुंदी 20 मिमीने वाढते. स्पेसर जागा निर्माण करीत नाही, तो फक्त आतली जागा वाढवून बाहेरची कमी करतो. रुंद अलॉय आत शॉकपला घासत असेल तर स्पेसर हा योग्य इलाज आहे. टायर बाहेर मडगार्डच्या कडेला घासत असेल तर स्पेसर रोग वाढवितो. म्हणून टायर घासतो अशी तक्रार आली की पहिला प्रश्न विचारावा, आत घासतो की बाहेर?

लो केलेल्या गाडीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. स्प्रिंग आखूड झाल्याने टायर आणि मडगार्ड यांतील उंचीचे अंतर कमी झालेले असते. पूर्वी जो टायर खड्ड्यातही कडेच्या खाली राहत असे, तो आता कडेच्या वर मडगार्डच्या आत शिरतो. आत शिरताना तो कडेच्या आतून गेला तर ठीक. स्पेसरने तो बाहेर आला असेल तर थेट पत्र्याच्या कडेवर आदळतो.

कागदावरचा हिशेब

प्रत्येक डिस्कवर तिची इंचातील रुंदी आणि ऑफसेट कोरलेला असतो. ऑफसेट म्हणजे डिस्कच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा भाग किती मिलिमीटर दूर आहे ते माप. आकड्याआधी बहुतेक वेळा ईटी ही अक्षरे असतात. आकडा जितका मोठा तितके चाक आत, जितका लहान तितके बाहेर.

समजा मूळ डिस्क 6 इंची आणि ऑफसेट 40 आहे. ग्राहकाने आणलेली अलॉय 7 इंची आणि ऑफसेट 35 आहे. एक इंच, म्हणजे 25.4 मिमी रुंदी वाढली. त्यातील 12.7 मिमी आत व 12.7 मिमी बाहेर गेली. ऑफसेट 5 मिमीने कमी झाल्याने सगळे चाक 5 मिमी बाहेर सरकले. म्हणजे बाहेरची कड 17.7 मिमी बाहेर आली आणि आतली कड 7.7 मिमी आत गेली. शॉकपपाशी आधी 12 मिमी जागा असेल तर आता 4.3 मिमीच उरली. येथे 5 मिमीचा स्पेसर लावला तर आत 9.3 मिमी मिळते, पण बाहेरची कड एकूण 22.7 मिमी पुढे येते. तेवढी जागा मडगार्डखाली आहे का, हे पैसे घेण्याआधी पाहावयाचे. टायरही रुंद केला असेल तर त्याचा फुगवटा वेगळा धरावा. 185 ऐवजी 195 चा टायर लावला की प्रत्येक बाजूस सुमारे 5 मिमी वाढ होते.

गाडीवरचे माप

उभ्या गाडीत बोट घालून घेतलेले माप अपुरे असते. चाक पूर्ण वर गेले असता आणि स्टेअरिंग पूर्ण वळविले असता काय होते, ते पाहिले पाहिजे. सर्वांत खरी रीत अशी की गाडी स्टँडवर घ्यावी, स्प्रिंग काढून शॉकप पुन्हा बसवावा, चाक लावावे आणि जॅकने बंप रबर दबेपर्यंत वर उचलावे. मग स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. शॉकपपासून किमान 5 मिमी मोकळे राहावे. बाहेर टायर दबतो व लवतो, म्हणून तेथे त्याहून अधिक जागा ठेवावी.

एवढा वेळ नसेल तर दुसरी रीत आहे. मडगार्डच्या कडेला आतून मुलांची खेळायची माती चिकटवावी, गाडीत पाच माणसे व डिकीत वजन भरावे, एक चाक लाकडी ठोकळ्यावर चढवावे आणि नंतर गाडी हळू वेगाने स्पीडब्रेकरवरून न्यावी. मातीवर उठलेला ठसा कोठे घासते ते दाखवितो. पुढच्या चाकांना वळणावर बंपरजवळच्या प्लॅस्टिक अस्तराशी, तर मागच्या चाकांना भार भरल्यावर मडगार्डच्या कडेशी त्रास होतो. ग्राहक एकटा गाडी घेऊन येतो तेव्हा मागचे घासणे दिसत नाही, तक्रार नंतर कुटुंब बसल्यावर येते.

भोक जुळले म्हणजे स्पेसर जुळला असे नाही

बाजारात एकच स्पेसर अनेक गाड्यांना चालतो म्हणून विकला जातो. येथे सावध असावे. होंडा सिटी आणि मारुती स्विफ्ट या दोन्ही गाड्यांत चार नट 100 मिमीच्या वर्तुळावर असतात. पण हबची मधली कड सिटीत 56.1 मिमी, तर स्विफ्टमध्ये 54.1 मिमी आहे. सिटीचा स्पेसर स्विफ्टवर बसतो खरा, पण मध्ये 2 मिमीचा खेळ राहतो. चाक केंद्रात बसत नाही आणि वेग वाढला की स्टेअरिंग थरथरते. दोन्हींच्या स्टडचे आटेही वेगळे आहेत. जाडी 12 मिमीच असली तरी सिटीत आट्यांतील अंतर 1.5 तर स्विफ्टमध्ये 1.25 आहे. एकाचा नट दुसऱ्यावर जोर देऊन चढविला तर आटे खराब होतात.

पातळ स्पेसरची वेगळी अडचण असते. हबची कड सुमारे 10 मिमी पुढे आलेली असेल तर 5 मिमीच्या स्पेसरनंतर डिस्कला धरायला थोडी कड उरते. 8 मिमीनंतर जवळजवळ काहीच उरत नाही. त्यामुळे जाड स्पेसरला स्वतःची कड असणे जरूर आहे. वॉशर रचून किंवा दोन स्पेसर एकावर एक ठेवून काम भागविणे हा तर जिवाशी खेळ आहे.

नट किती फिरला पाहिजे?

खरा धोका येथे आहे. स्पेसर जितका जाड तितके स्टडचे आटे कमी उरतात. साधा नियम असा की स्टडची जितकी जाडी तितकी लांबी नटात शिरली पाहिजे. 12 मिमीचा स्टड व 1.5 चे आटे असतील तर किमान आठ पूर्ण फेरे, 1.25 चे असतील तर जवळजवळ दहा. फेरे हाताने मोजावेत. कमी भरले तर लांब स्टड बसवावे, नाही तर काम नाकारावे.

चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन पोलोत स्टड नसून बोल्ट असतात, 14 मिमी जाड व 1.5 आट्यांचे. तेथे साडेनऊ फेऱ्यांचा हिशेब धरावा. 10 मिमीचा स्पेसर असेल तर बोल्टही बरोबर 10 मिमी लांब हवा. आखूड बोल्ट निसटतो आणि फार लांब बोल्ट मागच्या ड्रममध्ये शिरून ब्रेकच्या भागांना लागतो. बोल्ट कसल्यावर चाक हाताने फिरवून पाहावे. कंपनीच्या बोल्टचे बूड गोल आणि बाजारातील पुष्कळ अलॉयचे निमुळते असते, तेही जुळवून घ्यावे.

सुमारे 20 मिमीपासून पुढे स्वतःचे स्टड असलेले स्पेसर मिळतात. ते आधी हबला आणि मग चाक स्पेसरला कसले जाते. यात मूळ स्टडची टोके स्पेसरच्या बाहेर डोकावत असतील तर डिस्क सपाट टेकत नाही.

बसविण्यापूर्वी हबवरील गंज तारेच्या ब्रशने साफ करावा. आट्यांना तेल लावू नये, कारण तेलामुळे त्याच पान्याच्या जोरात बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर टॉर्क पाना लावून आडव्या क्रमाने कसावे आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर ग्राहकास परत बोलावून पुन्हा तपासावे.

जागा अपुरी असेल तर

पहिला उपाय म्हणजे पातळ स्पेसर किंवा अरुंद टायर. दुसरा, गाडी थोडी वर घेणे. तिसरा, मडगार्डची आतली कड दुमडणे. हे काम रंग हीट गनने गरम करून सावकाश करावे. थंड पत्रा दुमडला की रंग तडकतो आणि कोकण-मुंबईच्या हवेत एका पावसाळ्यात तेथे गंज धरतो. पुढची चाके वरून किंचित आत झुकवूनही जागा मिळते, मात्र टायरची आतली बाजू लवकर झिजते. पोलोसारख्या गाडीत मागे हा झुकाव साध्या बोल्टने बदलता येत नाही. काहीही केले तरी शेवटी अलाइनमेंट करून द्यावी.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघातानंतर विमा कंपनीही न कळविलेल्या बदलावरून दावा अडवू शकते. हे ग्राहकास आधीच सांगावे.

ओला दाणा वर ठेवा

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा बाजारात धान्याच्या राशीत हात घातला. वरचे धान्य कोरडे व आतले ओले निघाले. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी त्या व्यापाऱ्यास विचारले. ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. गॅरेजमधील ओला दाणा चाकाच्या मागे असतो. किती आटे शिरले, आत किती जागा उरली, हे ग्राहकाला दिसत नाही. ते फक्त कारागिराला ठाऊक असते. त्या चाकावर उद्या त्याचे आई-वडील आणि मुले बसणार असतात.

म्हणून बिलावर स्पेसरची जाडी, फेऱ्यांची संख्या, टॉर्कचा आकडा आणि पुन्हा तपासणीची तारीख लिहून द्यावी. मापाचे वेगळे पैसे मागण्यात संकोच करू नये, ती कसबाची मजुरी आहे. जेथे जागाच नाही तेथे "भाई, हे बसणार नाही" असे स्पष्ट सांगावे. तो ग्राहक कदाचित समोरच्या दुकानात जाईल. पण तेथे टायर कापून घेतल्यावर तो कोणाकडे येईल, हे सांगावयास नको. इन्शाअल्लाह, त्या दिवशी धंदाही मिळेल आणि विश्वासही.