कचेरीतला तिसरा माणूस

मोहरमला सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात गगनचुंबी ताबुतांच्या भेटी होतात, तेव्हा सारी पंचक्रोशी लोटते. त्या गर्दीत ऐकू न येणाऱ्या माणसाचं फारसं अडत नाही. सोहळा डोळे भरून पाहण्याचाच. अडतं ते एरवी. तहसील कचेरीत, पोलीस ठाण्यात, सरकारी दवाखान्यात साहेब विचारतात आणि उत्तर देतो सोबत आलेला भाऊ. भाऊ काय बोलला ते ज्याचं काम आहे त्याला कळत नाही, आणि त्यानं हातांनी काय सांगितलं ते साहेबांना कळत नाही.

या दोघांच्या मधे उभा राहणारा तो सांकेतिक भाषेचा दुभाषी. तो कर्णबधिराच्या मदतीला येतो, असं आपण धरून चालतो. हे अर्धंच खरं आहे. जबाब नीट लिहून घेणं हे फौजदाराचं काम, दुखणं ओळखणं डॉक्टरांचं. दुभाष्यावाचून त्यांचंही काम अडतं, फक्त त्यांना ते जाणवत नाही.

भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे नुसते हातवारे नव्हेत, तिला स्वतःचं व्याकरण आहे. काळ बहुधा वाक्याच्या सुरुवातीला सांगतात, ‘कुठे’, ‘कोण’, ‘कधी’ हे प्रश्न शेवटी येतात. हो-नाहीचा प्रश्न भुवया उंचावून विचारला जातो. चेहरा कोरा ठेवला तर तेच वाक्य साधं विधान वाटू शकतं. सगळ्यात विलक्षण आहे तो जागेचा वापर. समजा, उसनवारीचा व्यवहार सांगायचा आहे. सांगणारा सावकाराला आपल्या उजवीकडे ‘बसवतो’, भावाला डावीकडे. मग ‘देणं’ ही खूण उजवीकडून डावीकडे गेली तर पैसे सावकारानं भावाला दिले. उलट गेली तर भावानं फेडले. हात तेच, खूण तीच, फक्त दिशा बदलली. ज्याला ही भाषा येत नाही, त्याच्या अंदाजानं घेतलेल्या जबाबात देणारा घेणारा ठरू शकतो.

अशा भाषेला मान मिळायला फार उशीर झाला. 1880 मध्ये इटलीतल्या मिलान शहरी भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेनं शाळांतून खुणा हद्दपार करून बोलण्यावर भर द्यायचं ठरवलं. त्यानंतर काही वर्षांतच मुंबईत मूकबधिरांची शाळा निघाली. पुढं आपल्याकडच्या शाळांतही ओठ वाचण्याचा आग्रह राहिला. पण ‘मामा’, ‘बाबा’ आणि ‘पापा’ हे तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात. मुलांनी ओळखायचं कसं? वर्गात मनाई होती तरी वसतिगृहात मुलं एकमेकांकडून खुणा शिकत राहिली, आणि भाषा त्यांनीच जगवली. दिल्लीचं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं ते थेट 2015 मध्ये. त्याच्या कोशात 2021 पर्यंत दहा हजार शब्द झाले.

दुभाष्याच्या कामाची शिस्त कडक असते. तो बोलणाऱ्याच्या शेजारी उभा राहतो, म्हणजे कर्णबधिराला दोघंही एका नजरेत दिसतात. कपडे एकरंगी, हात उठून दिसतील असे. तो ‘हा म्हणतोय की’ असं सांगत नाही, ‘मी’ म्हणूनच बोलतो. पदरचं काही घालत नाही, काही गाळत नाही, ऐकलेलं बाहेर फोडत नाही. मेंदू इतका शिणतो की लांबलेल्या कामात दर वीस-तीस मिनिटांनी जोडीदारानं सूत्रं घ्यावी लागतात. ‘फेरफार’ किंवा ‘जामीन’ समोरच्याला ठाऊक नसेल, तर काय घडणार आहे ते मांडून दाखवावं लागतं.

हे काम घरच्या माणसावर सोडणं मला धोक्याचं वाटतं. बापाचं दुखणं डॉक्टरांना सांगताना लेकरू लाजेनं काही गाळतं. वाटणीच्या भांडणात भाऊच दुभाषी झाला, तर तो कुणाची बाजू सांगणार? आणि अत्याचार घरातल्याच कुणी केला असेल तर? कायद्यानं हे ओळखलं आहे. बोलू न शकणाऱ्या साक्षीदारानं भर कोर्टात खुणांनी दिलेली साक्ष तोंडी साक्षच मानली जाते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 125 नुसार अशा वेळी न्यायालयानं दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची आणि चित्रीकरण करायचं. अत्याचाराला बळी पडलेली स्त्री दिव्यांग असेल, तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, दुभाष्यासमक्ष तक्रार नोंदवायची. कोर्टात दुभाषी फक्त साक्षीदारासाठीच येतो असंही नाही: सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात कर्णबधिर वकील सारा सनी दुभाष्याच्या साथीनं उभ्या राहिल्या.

खेड्यातली अडचण आणखी खोल आहे. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या कर्णबधिराकडं घरातल्या घरात घडलेल्या खुणा असतात, त्या आई आणि भावंडांपलीकडं कुणाला उलगडत नाहीत. अशा वेळी दुभाष्यासोबत आणखी एक प्रशिक्षित कर्णबधिर माणूस बसवतात. तो चित्रं, नकला, वस्तू वापरून त्या खुणांचा माग काढतो आणि ओळखीच्या सांकेतिक भाषेत आणतो. वेळ लागतो, पण माणूस स्वतः बोलतो.

प्रत्येक तालुक्याला उद्याच दुभाषी मिळणार नाही. दुभाष्याची पदविका दोन वर्षांची, आणि ती देणाऱ्या संस्था थोड्या. तोवर व्हिडिओ कॉलवरचा दुभाषी चालेल, दवाखान्यात तर नक्कीच. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या ‘पोक्सो’ कायद्याच्या 2020 च्या नियमांप्रमाणे जिल्हा बाल संरक्षण कक्षानं दुभाष्यांची नोंदवही ठेवायची आहे, ती पोलिसांना उपलब्ध करून द्यायची आहे, आणि मानधन सरकारनं द्यायचं आहे. सांगलीच्या नोंदवहीतली नावं आणि फोन नंबर कडेगावच्या ठाणे अंमलदाराच्या टेबलावर असावेत. तक्रार घेऊन कुणी खुणा करत आलं, तर भावाला बाहेर बसवून पहिला फोन तिथं लागला पाहिजे.