पुण्याचा 'इंडस' आणि आपली पोरे

शहाद्या-तळोद्याच्या पारावर चार पोरे मोबाइलमध्ये मान घालून 'अरे, मागं बघ, मागं!' असे ओरडताना तुम्ही पाहिली असतील. असाच एक बंदुकींचा खेळ, 'इंडस', पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने १६ ऑक्टोबर २०२४ रोजी आणला. विरलोक नावाच्या काल्पनिक बेटावर खेळाडू उतरतात, हत्यारे हुडकतात आणि एकमेकांना टिपतात. रिंगण आकसत जाते. शेवटी उरेल तो जिंकला. कोस्मियम नावाचे खनिज ताब्यात घेऊनही डाव जिंकता येतो, ही त्यातली नवी गंमत.

मी खेळून पाहिला. पहिल्याच डावात मिनिटभरात माझा निकाल लागला! बंदुकींचा मला तसाही सोस नाही. पण एक उमगले. विटीदांडूत 'थांबा, पाणी पिऊन येतो' म्हणता येते. इथे डाव थांबत नाही. पलीकडे नुसते यंत्र नसते, दूरगावची जिवंत माणसे असतात. पोरगा मध्येच उठला की त्याचे सोबती उघडे पडतात. तेव्हा गुरुजी, 'आत्ताच्या आत्ता ठेव' म्हणण्याऐवजी 'एवढा डाव झाला की ठेव' असे म्हणून पाहा.

आणि धडगावच्या डोंगरात रेंज क्षीण असली म्हणजे? गोळी झाडल्याचा निरोप आधी लांबच्या सर्व्हरकडे जातो, मग निकाल परत येतो. तो वाटेत रेंगाळला, की समोरचा टिपून मोकळा. तोच गडी तळोद्याच्या बाजारात बसून खेळला, तर कदाचित बाजी मारील.