पेढीचे दुसरे दार आणि त्यावरचा शिक्का

घाटकोपरच्या महात्मा गांधी मार्गावरील किराणा पेढी असो वा सराफी, तिच्या काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी नव्याने करून घ्यावी लागते. मुदत टळली की काटा अचूक असूनही त्यावर माल तोलणे नियमाला धरून राहत नाही. हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. मात्र आज याच पेढीचे दुसरे दार ग्राहकाच्या मोबाईलवर उघडते, आणि त्या दारावरही असाच मुदतीचा शिक्का असतो, याकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही.

हा शिक्का म्हणजे संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र. संकेतस्थळाचे नाव, प्रमाणपत्र देणारी संस्था, आरंभाची व समाप्तीची तारीख आणि एक सार्वजनिक किल्ली एवढा मजकूर त्यात असतो. तिची जोडकिल्ली सर्व्हरवर गुप्त राहते. ग्राहक पत्ता उघडतो तेव्हा ब्राउझर क्षणार्धात नाव जुळते का, मुदत शिल्लक आहे का आणि देणारी संस्था विश्वासार्ह आहे का, हे पाहतो. सारे जुळले तरच पुढचा व्यवहार, म्हणजे पत्ता, दूरध्वनी क्रमांक, कार्डाचा तपशील, बंद लिफाफ्यातून जावा तसा गुप्तपणे जातो.

मुदत संपली की ब्राउझर दारातच मोठा इशारा दाखवतो. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री असे घडले, तर मागणी थांबते. अशा वेळी पेढीवरून ग्राहकाला सहज सांगितले जाते, “काही नाही, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबा आणि पुढे या.” खरा दोष येथे घडतो. त्या रात्रीचा व्यवहार कदाचित सुखरूप पार पडेल. पण इशाऱ्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय ग्राहकाला लागते, आणि तीही ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे अशा व्यापाऱ्याकडून. उद्या कोणी मधूनच त्याचा तपशील पळवू पाहील, तेव्हाही तो तेच बटण दाबेल. आपले काही क्षणांचे नुकसान टाळण्यासाठी दुसऱ्याला कायमचे असावध करणे श्रावकाला शोभत नाही.

शिक्का देणाऱ्यांकडूनही चूक होऊ शकते, याचा अनुभव आपल्या देशाने घेतला आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे २ जुलै २०१४ रोजी गूगलच्या लक्षात आले. दुसऱ्याच दिवशी भारताच्या प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकांनी त्या केंद्राची मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केली. पुढे गूगलने या भारतीय मूळ प्रमाणपत्राला क्रोममध्ये ठरावीक भारतीय नावांपुरतीच मान्यता ठेवली. अनेक वर्षांत जमलेली पत दोन दिवसांत उणावली. हुंडीच्या व्यवहारात वाढलेल्या समाजाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

चुकीचे प्रमाणपत्र दीर्घकाळ चालू राहू नये, म्हणून मुदती आता आखूड होत आहेत. २०२० पासून कमाल मुदत ३९८ दिवस होती. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये नवे वेळापत्रक संमत केले. त्यानुसार १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून केवळ ४७ दिवस अशी मर्यादा येते. वर्षातून एकदा दिनदर्शिकेवर खूण करण्याची पद्धत यापुढे पुरणार नाही. नूतनीकरण यंत्राकडे सोपवावे लागेल. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था २०१५ पासून विनामूल्य प्रमाणपत्रे देते व त्यांचे नूतनीकरण आपोआप होऊ शकते. मात्र मुदत संपण्याची सूचना देणारी पत्रे तिने जून २०२५ पासून थांबवली आहेत.

यंत्राकडे काम सोपवले तरी देखरेख मालकाचीच. ब्राउझरमधील पत्त्याच्या डावीकडील चिन्ह दाबले की प्रमाणपत्राचे नाव व समाप्तीची तारीख दिसते. महिन्यातून एकदा, रोजमेळ तपासताना, ती पाहावी. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह आणि त्याशिवाय, असे दोन्ही पत्ते उघडून पाहावेत, ई-मेल किंवा मागणी-नोंदणीचे वेगळे पत्ते असतील तर तेही. समाप्तीला ठरावीक दिवस उरले आणि नूतनीकरण झाले नसेल, तर किमान दोघांना सूचना मिळेल अशी व्यवस्था असावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी व तिचा पासवर्ड पेढीच्या ताब्यात असावा. संकेतस्थळ बांधून देणारा तरुण नोकरी बदलून गेला आणि किल्ल्या त्याच्याच ई-मेलमध्ये राहिल्या, तर तिजोरी आपली असूनही ती उघडता येत नाही.

या शिक्क्याची मर्यादाही ओळखावी. आपण त्याच पत्त्याशी बोलत आहोत आणि मधला कोणी ऐकत नाही, एवढेच तो सांगतो. माल खरा आहे किंवा दुकानदार प्रामाणिक आहे, हे सांगत नाही. फसव्या संकेतस्थळालाही स्वतःच्या नावाचे वैध प्रमाणपत्र मिळते. ग्राहक कुलपाचे चिन्ह पाहून निर्धास्त होतात, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच बदलले. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांमध्ये खोट्या मापांबरोबर प्रतिरूपक व्यवहारही, म्हणजे अस्सलाच्या जागी नकली खपवणेही, गणले आहे. त्यापासून दूर राहण्याची हमी कोणतेही प्रमाणपत्र देत नाही. ती पेढीच्या आचरणातूनच मिळते.

प्रमाणपत्राची मुदत टळण्यामागे बहुधा लोभ किंवा कपट नसते; असतो तो प्रमाद. आणि जैन तत्त्वज्ञानाने प्रमादालाही बंधाच्या कारणांत स्थान दिले आहे. दिवाळीला चोपडापूजन करताना नव्या वहीच्या पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिले जाते. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर पेढीच्या काट्याची आणि संकेतस्थळाची समाप्ती-तारीख शेजारी शेजारी लिहिली जावी. आणि दुसरी तारीख प्रत्येक नूतनीकरणानंतर खोडून नव्याने लिहिली जावी.