अर्धी गोळी, पूर्ण घोळ

'एक' आणि 'अनेक' यांच्या मधेही बरंच काही असतं. हे मला व्याकरणाच्या पुस्तकाने नाही, आईच्या बीपीच्या गोळीने शिकवलं.

शनिवारची सकाळ. आठवडाभर डेडलाइनच्या मागे धावून मी मेल्यासारखी झोपले होते. सव्वाआठला फोन वाजला. स्क्रीनवर 'आई'.

आई कुडव्याला असते. कुडवा म्हणजे गोंदियाला अगदी खेटून. आणि गोंदिया म्हणजे मुंबई-हावडा लाइनवरचं जंक्शन, राइस मिल्सचं शहर. पुण्यातल्या मित्रमंडळींना मी 'नागपूरच्या पुढे' एवढंच सांगते. दर वेळी नकाशा काढून कोण दाखवणार?

"बाई, फोन म्हनते पाच गोळ्या घ्या. डॉक्टर तं अर्धी म्हनला होता. का करू?"

झोप खाडकन उडाली. "आई, काहीही घेऊ नकोस!" म्हणून ओरडले. शेजारच्या पोराला बोलावून स्क्रीनशॉट मागवला. त्यात लिहिलं होतं : '0.5 गोळ्या घ्या'.

मधला टिंब चिलटाएवढा. आईचा चष्मा देवघरात. टिंब दिसला नाही की उरतं 05, आणि तारखेपासून फॉर्मपर्यंत सगळीकडे 05 म्हणजे पाचच. तरीही शंका आली असती, पण पुढच्याच शब्दाने ती मिटवून टाकली. 'गोळ्या'. अनेकवचन. म्हणजे नक्की पाचच! डॉक्टरांचं बोलणं आठवलं म्हणून तिने फोन केला, नाहीतर काय झालं असतं हा विचार मी आजही फार पुढे नेत नाही.

आणि हो, ते वाक्य मीच लिहिलं होतं.

दोन खोके

मी लोकलायझेशनमध्ये काम करते. म्हणजे इंग्रजी अ‍ॅप्स मराठीत बोलतात ना, त्यांच्या तोंडी शब्द देणाऱ्यांपैकी मी एक. औषधांची आठवण करून देणारं ते अ‍ॅप आईच्या फोनवर मोठ्या ऐटीत मीच टाकलं होतं. 'बघ, हे तुझ्या पोरीचं मराठी!'

यात गोम अशी की सॉफ्टवेअर स्वतः वाक्य बनवत नाही. आम्ही आधीच वाक्यं लिहून ठेवतो, ते फक्त आकडा घालतं. इंग्रजीत दोन खोके पुरतात. 1 असेल तर टॅब्लेट, नाहीतर टॅब्लेट्स. मराठीलाही दोनच खोके मिळाले. मी पहिल्यात 'गोळी' लिहिलं, दुसऱ्यात 'गोळ्या', आणि चहा प्यायला गेले.

कोणत्या आकड्याला कोणता खोका, हे अ‍ॅपला कुठून कळतं? युनिकोड कन्सॉर्शियमकडे सीएलडीआर नावाचा एक भलामोठा माहितीसाठा आहे. तारखा कशा लिहायच्या, आकडे कसे, अनेकवचन कधी, असे भाषाभाषांचे नियम त्यात असतात आणि जगभरचे फोन व कॉम्प्युटर ते वापरतात. मराठीचा तिथला नियम एका ओळीचा : आकडा बरोब्बर 1 असेल तर पहिलं रूप, बाकी सगळ्याला दुसरं. आता 0.5 म्हणजे काही 1 नव्हे. गेली अर्धी गोळी थेट अनेकवचनात!

पण आपण असं बोलतो का? पाव गोळी, अर्धी गोळी, सव्वा गोळी, दीड गोळी. पावणेदोनला पोचलो की मग 'गोळ्या'. शेजारच्या हिंदीच्या नियमात शून्य, एक आणि त्यांच्या मधलं सगळं एकवचनात बसतं. म्हणजे तेच अ‍ॅप हिंदीत असतं, तर आईला 'गोली' दिसलं असतं.

हिब्रूवालीचे 'नखरे'

याच प्रोजेक्टवर हिब्रूचं काम करणारी एक सहकारी होती. व्हिडिओ कॉलवर ती सारखी म्हणायची, दोन खोके पुरणार नाहीत, तिसरा द्या. इंजिनिअर वैतागलेला, मीटिंग लांबलेली, आणि मी म्यूटवर हसत होते. आमचं कसं सोप्पं, दोनात काम फत्ते!

तिचं म्हणणं काय होतं? शाळेत संस्कृतमध्ये देवः, देवौ, देवाः घोकलंय ना? तेच द्विवचन हिब्रूत आजही बोलण्यात आहे, पण ठरावीक शब्दांपुरतं. दिवस म्हणजे 'योम', अनेक दिवस 'यामीम', पण दोन दिवस म्हटलं की 'योमायिम'. आकडा वेगळा सांगायची गरजच नाही, दोन त्या शब्दातच आला. आठवडा, महिना, वर्ष यांचंही तसंच. गोळीला मात्र हे लागू नाही : एक 'कदूर', दोन असोत की चार, 'कदुरीम'. अ‍ॅपने '2 यामीम' म्हटलं तर कळतं सगळ्यांना, पण कानाला खटकतं.

आणखी गंमत म्हणजे अकराच्या पुढे दिवस मोजताना हिब्रू पुन्हा एकवचनावर येते. अकरा 'योम', वीस 'योम'. पूर्वी सीएलडीआरमध्ये हिब्रूच्या 20, 30, 40 अशा आकड्यांसाठी वेगळा खोकाच होता. तो 2022 सालच्या 42व्या आवृत्तीत काढला. म्हणजे हे नियमही काही दगडावरची रेघ नाहीत, माणसं भांडून बदलून घेतात. जपानीला एकच खोका लागतो, अरबीला सहा.

मला खरा झटका पुढे बसला. त्या शनिवारी मी हिब्रूचा नियम पहिल्यांदा नीट वाचला. त्यात अर्धा हा एकाच्याच खोक्यात आहे! ज्या भाषेच्या नखऱ्यांवर मी हसले, तिने आपल्या पेशंटची अर्धी गोळी सांभाळली होती. माझ्या मराठीने नाही.

दहा खंडी धान

आणि मराठी तरी कुठे सोपी आहे? कुडव्याला लहानपणापासून ऐकलंय, दहा खंडी धान, पाच पायली तांदूळ. 'दहा खंड्या धान' म्हणून बघा, लोक हसतील. माप मोजायचं असलं की आपणही एकवचनावर येतो, अगदी त्या 'अकरा योम'सारखं. तास एक असो की चार, तासच. पण मिनिटाची मिनिटं होतात आणि आठवड्याचे आठवडे. '1 दिवसापूर्वी' आणि '2 दिवसांपूर्वी' यात फरक फक्त एका अनुस्वाराचा. शिवाय क्रियापद लिंगाप्रमाणे नाचतं ते वेगळंच.

तशी या दोन भाषांची ओळखही जुनी. कोकणातल्या बेने इस्रायलींची मायबोली मराठी, प्रार्थनेची भाषा हिब्रू. त्यांच्यासाठी जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनरीने 1832 मध्ये मुंबईत हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वं मराठीतून छापली. म्हणजे हिब्रूची वचनं मराठीत समजावण्याचं काम दोनशे वर्षांपूर्वीच सुरू झालं होतं. मला मात्र व्हिडिओ कॉलवर समोर माणूस असून विचारावंसं वाटलं नाही.

मग पुढे काय?

सोमवारी टीमला मेल टाकला. उत्तर आलं, 'रेअर केस आहे, पुढच्या रिलीजमध्ये बघू.' तुमच्याही ऑफिसात हे वाक्य ऐकलं असेलच! मी मीटिंगमध्ये आईचा स्क्रीनशॉट लावला आणि तिने फोनवर विचारलेला प्रश्न जसाच्या तसा सांगितला. दोन सेकंद कोणीच बोललं नाही. मग हिब्रूवाली म्हणाली, तिने आधीच सांगितलं होतं. खरं होतं. मी सगळ्यांसमोर सॉरी म्हटलं.

उपाय फार मोठा नव्हता. काही ठरावीक आकड्यांसाठी वेगळं वाक्य लिहिता येतं. पाव, अर्धी, दीड, सगळं अक्षरांत लिहिलं. आकडा नाही, टिंब नाही. नवीन रूप यायला दोन आठवडे लागले. तोवर आईचं अ‍ॅप बंद, आणि रोज सकाळी आठला मीच फोन करून सांगायचे, 'आई, अर्धी.'

तुम्ही अ‍ॅप बनवत असाल, टेस्ट करत असाल किंवा नुसतं मराठीत वापरत असाल, तर त्यात 0, अर्धा, 1, दीड, 2 आणि 11 टाकून बघा. एखादं वाक्य कानाला खटकलं तर गप्प बसू नका, कळवा. 'चालतंय की' म्हणून सोडून दिलेलं वाक्य कोणाच्या तरी आईसमोर जातंच.

आता कुडव्याच्या फोनवर येतं, 'अर्धी गोळी घ्या'. परवा आई म्हणाली, "आता बराबर बोलते तुवा फोन." सकाळी आठचा माझा कॉल मात्र चालूच आहे. तो बंद करायला तीही तयार नाही, मीही नाही.